कंट्रोलरमामांचा हेडसेट

"विहिरीत उतरल्यावानी वाटतंय!" मामा ओरडले, आणि दुकानातली सगळी माणसं वळून बघायला लागली.

आपण ओरडलो हे मामांना कळलंच नव्हतं. त्यांच्या कानांवर जाड काळ्या गाद्यांचा हेडसेट होता आणि तोंडासमोर माइकचा दांडा. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. सोलापुरातल्या त्या दुकानात गेमिंगचं सामान घ्यायला माझ्यासारखी पोरंटोरं यायची. साठीचा माणूस हेडसेट घालून स्टुलावर बसलाय, हे दृश्य त्यांनाही नवीन होतं.

मी हातानं 'हळू' अशी खूण केली. मामांनी हेडसेट काढून काउंटरवर ठेवला.

"धीरज, ह्यात न्हाई जमायचं. कान झाकले की मला बोलता येत न्हाई."

"मामा, चांगला आहे हा. बाहेरचा आवाज पूर्ण बंद होतो."

"त्योच तर घोळ हाय. खिडकीशी कोण काय म्हणतंय ते ऐकू आलं पायजे."

"आपल्या खोलीत खिडकीशी कोण येणार आहे?"

"कुणी न्हाई आलं तरी ऐकू यायला पायजे," मामा म्हणाले.

मामा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, विश्वंभर ढावरे. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात. बार्शीच्या एसटी स्टँडवर ते एकोणतीस वर्षं वाहतूक नियंत्रक होते. गावाच्या भाषेत कंट्रोलर. स्टँडवर भोंग्यातून जो आवाज यायचा तो त्यांचा. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. बार्शीहून वैरागमार्गे सोलापूरला जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागलेली आहे." हे ऐकत माझ्या वयाची अख्खी पिढी कॉलेजला गेली. घोषणा चालू असतानाच कंडक्टर खिडकीशी येऊन सांगायचा, साहेब, टायर बसलाय. मामा श्वास न घेता त्याच वाक्यात गाडी बदलायचे. लोकांना जोड दिसायचा नाही. एकोणतीस वर्षांत एकही चुकीची घोषणा केली नाही, हा त्यांचा अभिमान होता आणि तो ते दर चार दिवसांनी बोलूनही दाखवायचे. आत्या म्हणायची, "पुरे आता, सत्कार झालाय तुमचा."

मग ते निवृत्त झाले, आणि स्टँडवर रेकॉर्ड केलेला एका बाईचा आवाज आला. मामा गप्प झाले. भांडण नाही, आजार नाही, नुसते गप्प. मी तेव्हा कॉलेजसाठी आत्याकडेच राहायला होतो, म्हणजे दोन्ही वेळचं जेवण तिच्या हातचं. एका सकाळी भाकरी थापता थापता ती म्हणाली, "धीरू, काय पण कर, पण ह्यांना बोलतं कर रे. चार महिने झाले, मी भिंतीशी बोलतीय."

तेव्हा मी आणि माझा मित्र केदार बारंगुळे आमच्या गेमिंगच्या चॅनेलसाठी कुणी समालोचक मिळतोय का बघत होतो. केदारच्या वडिलांचं बी-बियाणांचं दुकान होतं आणि वरच्या खोलीत आमचे दोन कॉम्प्युटर. तालुक्यातली पोरं गोळीबाराचे गेम खेळायची, आम्ही ते लाइव्ह दाखवायचो, आणि बघणारे जेमतेम चाळीस. त्यातले चार आम्हीच, वेगवेगळ्या नावांनी. मामांचा आवाज लावावा ही कल्पना माझी. आत्याचं काम होईल आणि आपलंही, असा माझा हिशेब होता. खोटं कशाला बोलू, आपलं काम त्यात आधी होतं.

काउंटरवरच्या शेख मॅडमनी आमचं बोलणं ऐकलं होतं. त्यांनी दुसरा हेडसेट काढला.

"काकांना ओपन-बॅक पाहिजे. हे बघा, मागून बंद नाही, जाळी आहे. स्वतःचा आवाज नीट ऐकू येतो, डोकंही जड होत नाही."

मामांनी तो घातला, दोनदा "प्रवाशांनी" म्हणाले, आणि त्यांचा चेहरा सैल झाला. मॅडमनी ते रेकॉर्ड करून ऐकवलं, तर त्यात मामांपेक्षा दुकानातला पंखा आणि बाहेरचे रिक्षावाले जास्त बोलत होते. मग मॅडम आतून तिसरा घेऊन आल्या. तोही ओपन-बॅक, पण माइक चांगला. पुन्हा पंखा, पुन्हा रिक्षा, शिवाय मागे मी मुद्दाम टाळ्या वाजवल्या. रेकॉर्डिंगमध्ये फक्त मामा होते.

"हा माइक तोंडासमोरचं तेवढंच घेतो," मॅडम म्हणाल्या. "पण कानाचं लक्षात ठेवा. आतला आवाज बाहेर जातो, बाहेरचा आत येतो. खोलीत शांतता पाहिजे."

मी मान डोलावली. मला पाठीमागचं काही न घेणारा माइक मिळाला होता, माझं लक्ष तिथंच होतं. पैसे मामांनी दिले. मी खिशात हात घालेपर्यंत त्यांनी पावतीसुद्धा घडी करून ठेवली होती.

पहिल्याच रविवारी दुपारी मामांनी कमाल केली. आदल्या दिवशी त्यांनी नकाशा समजून घेतला होता. टेकडी कुठं, पूल कुठं, सगळं वहीत लिहून काढलं होतं. स्क्रीनच्या कोपऱ्यात त्यांचा चेहरा, आणि तो आवाज.

"प्रेक्षकांनी कृपया लक्ष द्यावे. उत्तरेकडून येणारे तीन गडी पुलाच्या अलीकडे थांबलेले आहेत. पुलावर धोका आहे. कोणीही घाई करू नये. निळ्या संघाचा गडी बाद झालेला आहे. त्याच्या सामानासाठी रेटारेटी करू नये."

चाळीसाचे नऊशे झाले. महिन्यात काही हजार. घरी आत्या रोज विचारायची, आज काय काय बोललात, आणि मामा तिला भाकरी मोडता मोडता सगळा सामना सांगायचे. आत्याला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. ती नुसती ऐकायची आणि हसायची.

स्कोअर, बाद झालेल्यांची नावं, हे सगळं मी मामांना चिठ्ठीवर लिहून द्यायचो. कॅमेऱ्यात येणार नाही असा हात पुढं करायचा आणि चिठ्ठी टेबलावर ठेवायची. मामांना ही पद्धत पाठ होती. खिडकीतून चिठ्ठी आली की वाचायची, हे त्यांनी आयुष्यभर केलं होतं.

एकदा घाईत माझ्याकडून चुकलं. 'हेलिकॉप्टर थकलेल्या गड्यांना घरी सोडील' असं काहीतरी मी अर्धवट लिहिलं, आणि मामांनी ते अत्यंत गंभीरपणे वाचलं. लोक खो खो हसले. तो तुकडा आमच्या कुठल्याही व्हिडिओपेक्षा जास्त लोकांनी बघितला.

"आयला," केदार म्हणाला, "म्हातारा काहीही वाचतो."

आणि मग आम्ही काहीही लिहायला लागलो. पडलेल्या गड्याला बर्फाची पिशवी लावली की तो उठतो. हिरव्या संघाच्या गड्यानं मास्तरांची चिठ्ठी आणल्यामुळे त्याला गोळी लागणार नाही. मामा पुढं बसून वाचायचे आणि आम्ही मागच्या बियाण्यांच्या पोत्यांवर बसून तोंडात रुमाल कोंबायचो. पहिल्या दिवशी भीती वाटली होती. पण रेकॉर्डिंग तपासलं तर आमच्या हसण्याचा मागमूस नव्हता. दुसऱ्या दिवशी रुमाल गेला. तिसऱ्या दिवशी आम्ही नेहमीच्या आवाजात बोलायला लागलो. कानांवर काहीतरी घातलेल्या माणसाला ऐकू येत नाही, असं आपण धरूनच चालतो. शिवाय त्या गेममध्ये गोळ्यांचा एवढा दणदणाट. आता शंभर कारणं सांगता येतील, पण खरं म्हणजे मी तो विचारच केला नाही.

स्टँडसमोरच्या कँटीनमध्ये मामांचे जुने कंडक्टर दोस्त बसायचे. एकदा मी मामांबरोबर गेलो तर एकजण लांबूनच ओरडला, "या साहेब, बर्फाची पिशवी आणलीय का?" टेबलावरचे सगळे हसले. मामाही हसले.

"हसतील त्यांचे दात दिसतील," मला म्हणाले, आणि चहाची बशी माझ्याकडं सरकवली. मी तो चहा प्यालो आणि संध्याकाळी पुन्हा तसल्याच चिठ्ठ्या लिहिल्या.

चौथ्या महिन्यात आम्ही तालुक्याची स्पर्धा भरवली. वीस संघ. जिंकणाऱ्या संघाला पुण्याच्या मोठ्या स्पर्धेत थेट जागा. अंतिम सामना पांगरी आणि वैरागमध्ये आला. पांगरीची पोरं साधी होती. एका पोराचा कॉम्प्युटर पतसंस्थेतून मोडीत काढलेला होता. सामन्यासाठी गावानं हॉलमध्ये पडदा लावला होता, म्हातारीकोतारीसुद्धा बघायला बसली होती, असं त्यांच्या कप्तानानं मला फोनवर सांगितलं होतं. आवाज आनंदानं चिरकत होता त्याचा.

संध्याकाळी पाचला सामना सुरू झाला. मामा त्या दिवशी निवृत्तीच्या समारंभातला शर्ट घालून आले होते. शेवटची झटापट गोदामात झाली, स्क्रीनवर नुसता धूर. दोन्हीकडचे शेवटचे गडी जवळजवळ एकदमच पडले. कोण आधी पडला हे बघणाऱ्यांना काय, खेळणाऱ्यांनाही कळणं शक्य नव्हतं. आमच्या दुसऱ्या स्क्रीनवर मात्र निकाल आला होता. वैराग.

"थांब," केदार म्हणाला. आम्ही मामांच्या पाठीमागे, दोन हातांवर. "पांगरीचं नाव लिही."

"पांगरी हरलीय."

"म्हणूनच. म्हातारा पांगरी म्हणणार, तिकडं हॉलमध्ये पोरं नाचणार, आणि मिनिटाभरानं वैराग म्हणायचं. त्यांच्या कप्तानानं तिकडं व्हिडिओला कॅमेरा लावून ठेवलाय. दोन्ही जोडले की लाखात जाईल."

"अरे, अख्खं गाव बसलंय तिथं."

"मग काय मरणारेत का? आणि आपण कुठं म्हणतोय, काका म्हणणार. म्हातारा माणूस, चुकला म्हणायचं."

मी कागद ओढला. लिहिताना मला काही वाटलं नाही असं नाही. वाटलं, म्हणूनच मी जरा जास्त हसलो. आणि हसता हसता म्हणालो, "मामांचं काय, देईल ते वाचतात. भोंगा आहे तो."

हे वाक्य माझं आहे. केदारचं नाही.

'विजेता संघ पांगरी' अशी चिठ्ठी मी टेबलावर ठेवली. मामांनी ती उचलली, चष्म्यातून बघितली, आणि पालथी घालून ठेवली. मग माइकचा दांडा बोटानं थोडा जवळ घेतला.

"प्रेक्षकांनी कृपया लक्ष द्यावे. आजचा विजेता संघ वैराग. पांगरीचे गडी शेवटपर्यंत लढले, त्यांचे अभिनंदन."

केदारनं कपाळाला हात लावला. मला वाटलं, दुसरी स्क्रीन मामांना दिसली असणार. पण मामा थांबले नव्हते.

"आणखी एक सूचना. या ठिकाणाहून गेल्या काही दिवसांत चुकीच्या घोषणा झालेल्या आहेत. त्याला नियंत्रक ढावरे जबाबदार आहेत. प्रेक्षकांच्या झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत."

मग त्यांनी हेडसेट काढला, वायर गुंडाळली, आणि तो त्याच्या खोक्यात ठेवला. खोली एकदम शांत झाली. त्या शांततेत खोक्यातल्या हेडसेटच्या जाळीतून गेमचं संगीत अगदी स्पष्ट ऐकू येत होतं. मी चार महिने त्याच खोलीत बसत होतो.

केदार खाली दुकानात काहीतरी काम आहे म्हणून निघून गेला.

आम्ही चालत घरी निघालो. खोकं मामांच्या काखेत. मी घेतो म्हणालो, तर राहू दे म्हणाले. आम्ही स्टँड ओलांडला. मग विचारलं, "मामा, तुम्हाला ऐकू येत होतं?"

"म्हंजे काय. त्येच्यासाठीच तर त्यो घेतला न्हवं का आपण."

"पहिल्यापासून?"

"हं."

"मग बोलला का नाहीत? त्या बर्फाच्या पिशवीच्या वेळीच माझ्या एक थोबाडीत द्यायची."

मामा चालत राहिले. रस्त्यात एका जुन्या प्रवाशानं नमस्कार केला, त्याला त्यांनी नमस्कार केला.

"बर्फाची पिशवी वाचली त्यानं कुणाची गाडी चुकत न्हाई," ते म्हणाले. "पोरं हसतात, हसू दे म्हणलं. तुझी आत्या घरात परत हसाय लागली व्हती. मी घरी जाऊन तिला रोज काय सांगू, ह्याची मला काळजी लागली व्हती बघ धीरज, आधी. गप बसलेल्या माणसाला बायकोचं तोंड बघवत न्हाई. ह्या खेळानं सांगायला कायतरी मिळालं."

"आणि आज?"

"आज त्या पांगरीच्या पोरांची गाडी चुकली असती. पडदा लावून बसलेली माणसं. एवढ्या लोकांना फलाटावर उभं करून गाडी न्हाई म्हणायचं, त्ये मला जमलं नसतं."

मला वाटलं होतं ते रागावतील. मी त्याची वाट बघत होतो, कारण राग आला असता तर मला माफी मागता आली असती. त्यांनी भोंग्याचा विषयसुद्धा काढला नाही. घर आलं.

आत्यानं दारातच विचारलं, "झाला का सामना? कोण जिंकलं?"

"वैराग," मामा म्हणाले.

त्या दिवशी तिनं शेंगदाण्याची पोळी केली होती. शेवटचा सामना म्हणून. ताटं वाढली, आणि तिनं विचारलं, "मग उद्यापास्नं नवीन स्पर्धा का?"

आता मामा सांगतील आणि आत्या मला घरातून काढेल, हे मी गृहीत धरलं होतं. काढलं असतं तर बरं झालं असतं.

"उद्यापास्नं बंद," मामा म्हणाले. "धीरजची परीक्षा आलीय. त्यो नको म्हणत व्हता, माझ्यासाठी चालू ठेवतो म्हणत व्हता. मीच म्हणलं, आधी अभ्यास. पोरानं चार महिने माझ्यापायी लई वेळ घालवला."

एकोणतीस वर्षं खोटं न बोललेल्या माणसानं माझ्यादेखत, पोळी मोडत, एवढं मोठं खोटं सांगितलं. माझी परीक्षा होऊन गेली होती. आत्याला तारखा ठाऊक नव्हत्या.

तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "माझ्या भावाचं नाव काढलंस बाबा," म्हणाली आणि माझ्या ताटात दुसरी पोळी वाढली, वर तूप. मी ती खाल्ली. पूर्ण खाल्ली. तेव्हा बोलायला हवं होतं, घास घशात अडकला म्हणून उठून तरी जायला हवं होतं. मी तूप पुसून घेऊन खाल्ली.

त्यानंतर मामा हळूहळू पुन्हा गप्प झाले. आधी सकाळचं बोलणं गेलं, मग संध्याकाळचं. हेडसेटचं खोकं कपाटावर होतं. "मामा, पुन्हा बसू या का, नीट बसू," एवढं एक वाक्य मला वर्षभर रोज म्हणता आलं असतं. मी खोली बघितली आणि दुसरीकडं राहायला गेलो. कारण अभ्यासाचं दिलं. मामांनी सामान रिक्षापर्यंत आणून दिलं. आत्या म्हणायची, वय झालं की माणूस अबोल होतोच. तीन वर्षांनी ते गेले. पांगरीचा तो कप्तान माणसं घेऊन मातीला आला होता. मला ओळखून जवळ आला आणि हात हातात घेऊन म्हणाला, "तुम्ही काकांना माइकवर आणलं, नायतर असला माणूस आम्हाला कुठं भेटला असता."

मागच्या महिन्यात मी बायकोला, ऋतुजाला, पहिल्यांदाच आत्याकडं घेऊन गेलो. आत्या आता थकलीय. पण ऋतुजाला शेजारी बसवून घेऊन तिनं सगळं सांगितलं. माझा माणूस चार महिने मुका झाला होता, ह्यानं सोलापूरला नेऊन यंत्र घेतलं, रोज घेऊन बसायचा, स्वतःची परीक्षा बाजूला ठेवली. असा भाचा नशिबानं मिळतो. मी शेजारच्या खुर्चीत बसून ऐकत होतो. मध्येच आत्यानं विचारलं, "व्हय ना रे धीरू?" आणि मी हसलो.

परतीच्या वाटेवर ऋतुजा माझ्याकडं वळली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"तू मला हे कधी सांगितलंच नाहीस. खरंच एवढं केलंस त्यांच्यासाठी?"

मी हो म्हणालो.